स्लावकाच्या तळघरातली भट्टी

दोलिना गावात दोनशे अकरा घरं आणि प्रत्येक घराच्या तळघरात एक भट्टी. भट्टी म्हणजे माणसाच्या उंचीचं पत्र्याचं कपाट. आत गॅसचा जाळ, जाळाभोवती लोखंडी कप्पे, आणि त्या कप्प्यांवरून पंख्याने ढकललेली हवा तापून पत्र्याच्या नळांतून घरभर जाते. बाहेर उणे पस्तीस असताना हे कपाट बंद पडलं तर रात्रीपर्यंत पाण्याचे नळ गोठतात आणि माणसं अंथरूण काखेत मारून शेजाऱ्याकडे जातात. म्हणून गावाचं पाद्रीवाचून चालत असे, तो बिचारा महिन्यातून एकदाच यायचा. झेनॉन हलायकोवाचून मात्र चालत नसे.

झेनॉन एकोणसत्तर वर्षांचा होता. सेहेचाळीस वर्षं तो लोकांच्या तळघरांत उतरत आला होता, आणि तळघरात उतरणाऱ्याला घरातलं जे कळतं ते कबुलीजबाब ऐकणाऱ्यालाही कळत नाही. कोण वर्ष वर्ष धूळ अडवणारा फिल्टर बदलत नाही, कोणाला भट्टीला टेकून रंगाचे डबे रचायची हौस, जाळासाठी बाहेरची हवा आणणाऱ्या नळात कोण थंडी येते म्हणून जुनी उशी कोंबतं, सगळं त्याला पाठ होतं. उशीवाल्यांवर त्याचा विशेष राग. "जाळालाही श्वास लागतो, गाढवांनो," तो म्हणायचा. "तुम्ही त्याचं नाक दाबलंत तर तो तुमचं दाबेल." लोक हसायचे, उशी काढायचे, आणि त्याची गाडी वळली की परत कोंबायचे.

हिवाळ्याआधी सगळ्या भट्ट्या एकदा उघडून झाडायच्या, तपासायच्या, हा त्याचा सप्टेंबरपासूनचा फेरा. तारखा मागेपुढे व्हायच्या. कापणी लांबली, कुणाची गाय व्याली, की झेनॉन म्हणायचा, बरं, पुढच्या आठवड्यात. एकाच घराची तारीख कधी हलली नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर पोक्रोवा येते, देवमाउलीच्या पदराचा सण. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्लावका पास्तुखचं घर. आणि त्या दिवशी झेनॉन इस्त्रीचा सदरा घालायचा.

काजळी झाडायला जाणाऱ्या माणसाने इस्त्रीचा सदरा का घालावा, हे येवकाने चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटा भरलेले पेरोगी वळता वळता चारचौघींसमोर विचारलं होतं. चर्चचं ते स्वयंपाकघर येवकाचं राज्य होतं आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय रे झेनॉन, पास्तुखांची भट्टी बोहल्यावर उभी राहते का?"

"तुझ्या तोंडाला एक फिल्टर बसवायला हवा, येवका."

"बसव की! पण माझ्याकडे येताना तोच तेलकट कोट घालून येतोस मेल्या."

बायका पिठाचे हात तोंडावर धरून हसल्या. झेनॉनही हसला. गावाला सगळं ठाऊक होतं, आणि झेनॉनला वाटायचं की कुणाला काही ठाऊक नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याची हीच तर गंमत असते.

गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची. पोक्रोवाच्या दिवशी लग्नाच्या मुली देवमाउलीला साकडं घालतात. चर्चच्या सभागृहात नाच चालला होता, आणि एकोणीस वर्षांची स्लावका खिडकीशी उभी राहून बाहेर बघत म्हणाली होती, "पोक्रोवामाय, भुईवर बर्फ पडू दे, डोईवर पदर चढू दे." शेजारी झेनॉन उभा होता. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं होतं. आता याहून मुलीने काय करावं? पण झेनॉनने मूग गिळले. त्याच्या मनात हिशेब होता की आधी विनिपेगला जाऊन गॅसच्या कामाचा परवाना मिळवायचा, मग हातात काहीतरी घेऊन बोलायचं. दीड वर्षाने तो परवाना घेऊन परत आला तेव्हा स्लावकाच्या डोक्यावर लग्न झालेल्या बाईचा, रोमान पास्तुखच्या नावाचा रुमाल होता. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. झेनॉनचे गहू पोत्यातच राहिले.

रोमान वाईट असता तर झेनॉनला बरं झालं असतं. पण रोमान देवमाणूस. झेनॉनने भट्टी उघडली की तो तळघरात पालथ्या बादलीवर बसून हॉकीच्या गप्पा मारायचा. दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः फिल्टर बदलायचा आणि नळाच्या पत्र्यावर पेन्सिलने तारीख लिहायचा. एकाखाली एक, सरळ रांगेत, पंचवीस वर्षांच्या तारखा. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रोमान गेला आणि ती रांग थांबली.

त्यानंतर एक नवीनच सुरू झालं. ऐन जानेवारीत स्लावकाचा फोन यायचा. "झेनॉन, भट्टी बंद पडली रे." झेनॉन पंधरा मिनिटांत हजर. बघावं तर फिल्टर धुळीने माखलेला, हवा अडलेली, लोखंड तापून भट्टीने आपणहून जाळ तोडलेला. तो फिल्टर बदलायचा, रागवायचा, दोन-तीन नवे फिल्टर ठेवून जायचा आणि मधल्या वेळात कॉफी आणि खसखशीच्या रोलचे दोन तुकडे संपवायचा. घरी परतताना त्याला अपराध्यासारखं वाटायचं, कारण बाई थंडीत कुडकुडली होती आणि त्याला मात्र आनंद झाला होता.

खरं तर ती भट्टी एकोणतीस वर्षांची होती. दुसऱ्या कुणाची असती तर झेनॉनने विसाव्या वर्षीच सांगितलं असतं, हिला आता निरोप द्या. पण नवी भट्टी घेतली की दहा वर्षांची देखभाल शहरातल्या दुकानाकडे जाते. गणवेश घातलेला पोरगा येतो, यंत्र लावतो, निघून जातो. म्हणून झेनॉन दर पोक्रोवाला सुटे भाग घालून तिला उभी करायचा आणि म्हणायचा, "अजून एक हिवाळा काढेल." सेहेचाळीस वर्षांच्या धंद्यात त्याने एवढी एकच लबाडी केली होती.

यंदा तो शेवटचा फेरा होता. डिसेंबरअखेर परवाना संपत होता, गुडघे त्याआधीच संपले होते. नऊला पाच कमी असताना त्याने स्लावकाच्या पायरीवर बूट झटकले.

"आलास?" स्लावकाने दार उघडलं. "सपाता तिथेच आहेत."

निळ्या लोकरीच्या सपाता दाराशी होत्या. झेनॉनच्या मापाच्या. त्या घरात वर्षातून दोनदा पाय ठेवणाऱ्या माणसासाठी सपाता का ठेवलेल्या असाव्यात, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. तिचा चेहरा मात्र त्याला आज वेगळा दिसला. गालांवर लाली होती, पण डोळे थकलेले.

"बरं नाही का?"

"डोकं. आठवडा झाला, सकाळी उठले की ठणकतं. दुपारी बागेत गेले की जातं. वय झालं, दुसरं काय."

"सदुसष्ट म्हणजे काय वय आहे?"

"दानिलोला विचार. तो म्हणतो, आई, तू आता कॅल्गरीला ये, वरची खोली रिकामी आहे. रोज फोन. शेवटी मी त्याच्याशी करारच केला." ती हसली. "म्हटलं, तुझ्या बापाने बसवलेली भट्टी चालतेय तोवर मी इथली हलत नाही. ती गेली, की तू म्हणशील तिथे येते, मग तोंडातून चकार शब्द काढणार नाही. तेव्हा झेनॉन, माझं सगळं आता तुझ्या हातात आहे."

"अजून एक हिवाळा काढेल," झेनॉन म्हणाला, आणि पेटी घेऊन तळघरात उतरला.

खाली सगळं ओळखीचं. उजवीकडे बटाट्याची पोती, डावीकडे लोणच्याच्या बरण्यांची थंड खोली, मध्ये भट्टी. तिच्या कुशीला तारेने टांगलेला पुठ्ठा, त्यावर दर वर्षीच्या तपासणीची एक ओळ: तारीख आणि झेनॉनची सही. अठ्ठावीस ओळी. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने स्लावकाला लिहिलेलं म्हणाल तर एवढंच.

त्याने वीज तोडली, झाकण काढलं. फिल्टर बाहेर ओढला तर तो फिल्टर कसला, गोधडीच होती. "अगं बाई!" त्याने वर तोंड करून हाक दिली. "हा जानेवारीतलाच ना? मी बसवलेला?"

"असेल!" वरून आवाज आला.

"असेल काय असेल! नऊ महिने!"

वरून फक्त कपाट उघडल्याचा आवाज आला. झेनॉन पुटपुटत कामाला लागला. पंख्याची पाती पुसली, बर्नर सोडवून त्यांतली कोळिष्टकं झाडली, ज्योत ओळखणारी काडी बारीक घासकागदाने चमकवली, धुराड्याचे सांधे हाताने चाचपले. मग सगळं जागेवर बसवून वीज दिली आणि गुडघे मोडून जाळासमोर बसला. हा त्याचा आवडता क्षण. ठिणगी पडली, चार बर्नर ओळीने पेटले, चार निळ्या ज्योती ताठ उभ्या राहिल्या. आता मिनिटभराने पंखा सुरू होणार, आणि ज्योतींनी त्याची दखलही घ्यायची नाही. कारण जाळाची हवा वेगळी आणि घराची वेगळी, मध्ये लोखंड. भट्टीचं सगळं इमान त्या लोखंडात असतं.

पंखा सुरू झाला. तिसरी ज्योत वाकली, पिवळी झाली आणि नाचायला लागली.

 झेनॉनने भट्टी बंद केली, पाच मिनिटं थांबला, पुन्हा लावली. माणूस डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जातो तसा. पंखा सुरू झाला आणि ज्योत पुन्हा नाचली. मग त्याने आरसा आणि बॅटरी आत घातली. तिसऱ्या कप्प्याला बोटभर चीर होती, कडांना काजळी. त्याने विषारी वायू मोजायचं यंत्र गरम हवेच्या नळाशी धरलं. आकडे चढत गेले आणि जिथे थांबू नयेत तिथे थांबले.

अर्धवट जळणातून निघणाऱ्या या वायूला रंग नाही, वास नाही. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी झेनॉनने एका शेतावरचं दार फोडायला मदत केली होती. आत म्हातारा-म्हातारी जेवणाच्या टेबलाशी बसलेली होती, पुढ्यात बीटाचं सूप, गाल गुलाबी. त्यांचंही आठवडाभर डोकं दुखत होतं, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं.

नियम साधा होता. गॅसची कळ बंद करायची, भट्टीला लाल चिठ्ठी बांधायची. लाल चिठ्ठी लागलेली भट्टी पुन्हा पेटत नाही. नवीच आणावी लागते. झेनॉनने पेटीतून चिठ्ठी काढली आणि ती हातात धरून तसाच बसून राहिला. चिठ्ठी बांधली की स्लावका गेली. हे त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की चष्म्याचीही गरज नव्हती. तिने शब्द दिला होता, आणि पास्तुखांच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत. मग पोक्रोवाचा दुसरा दिवस हा नुसताच एक दिवस उरेल. क्षणभर, लाज वाटावी असा एकच क्षण, त्याच्या मनात आलं की आज काहीच बोलू नये, दहा दिवसांत कुठूनतरी जुना कप्पा मिळवून बसवावा.

वर स्लावका खोकली.

झेनॉनने गॅसची कळ आडवी केली आणि चिठ्ठी बांधली.  एवढी वर्षं त्याच्या हातांनी कधी गाठ चुकवली नव्हती. आज दोनदा मारावी लागली.

मग त्याला आठवलं. जिन्याच्या तोंडाशी त्यानेच तीन वर्षांपूर्वी त्या वायूचा इशारा देणारा भोंगा बसवला होता. तो ओरडला कसा नाही? बघितलं तर भिंतीवर नुसता खिळा. तो शोधत थंड खोलीत गेला. लोणच्याच्या बरण्या सरकवल्या आणि मागे भोंगा सापडला, बॅटरी काढलेला. आणि भोंग्याशेजारी, प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा न फोडलेले, ओळीने उभे केलेले नऊ फिल्टर. त्याने चार जानेवारींत ठेवलेले. एकाचीही गुंडाळी सुटलेली नव्हती. वर स्वच्छ फडकं झाकलं होतं. विसरलेल्या वस्तूवर कोणी फडकं झाकत नाही.

"झेनॉन, कॉफी गार..." स्लावका जिन्यावर उभी होती. तिने आधी लाल चिठ्ठी बघितली, मग त्याच्या हातातले फिल्टर.

"आधी वर चल," तो म्हणाला. "खिडक्या उघडू."

"तो लाल कागद कसला?"

"स्लावका, वर चल म्हणतोय ना!"

त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. थंडी आत घुसली. स्लावकाने अंगावर कोट चढवला, डोक्याला लोकरीचा रुमाल घट्ट बांधला, आणि दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. त्याने चीर सांगितली, वायू सांगितला, डोकेदुखीचं कारण सांगितलं. मग भोंगा टेबलावर ठेवला.

"हा काढून का ठेवलास?"

"चारदा ओरडायचा रे, थांबायचा, परत चारदा. रात्री दोनदा. मला वाटलं, बॅटरी गेली. म्हटलं, पोक्रोवाला झेनॉन येतोच आहे, तेव्हा दाखवू. त्यासाठी वेगळं कशाला बोलवायचं?"

झेनॉनने टेबलाची कड धरली. आठ दिवस. आठ रात्री ती त्या हवेत झोपली होती, त्याची वाट बघत.

"आणि हे?" त्याने फिल्टर पुढे सरकवले. "फोन केल्यावर मी तुला शिव्या घालायचो. तुला बदलता येत नव्हता का? रोमान पंचवीस वर्षं तुझ्यासमोर बदलत होता."

स्लावकाने एका फिल्टरचं वेष्टण बोटाने सारखं केलं. मग तिने नजर वर केली, आणि झेनॉनला खिडकीशी उभी असलेली ती एकोणीस वर्षांची मुलगी दिसली.

"येतो की मला. पण बदलला असता, तर तू आला असतास?"

 झेनॉनने फिल्टर एकावर एक रचले, मग परत ओळीने लावले.

"फिल्टर तुंबला की काय होतं, तू दर वर्षी सांगायचास," ती हळू म्हणाली. "हवा अडते, लोखंड तापतं, चिरतं. म्हणजे ही चीर मी पाडली."

"अर्धी तू," झेनॉन म्हणाला. "अर्धी मी."

"तू कशी पाडलीस?"

"भट्टी नऊ वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती."

"मग का नाही सांगितलंस?"

आता. आत्ताच. पायातल्या निळ्या सपातांकडे बघत झेनॉनने शब्द जुळवले. माझं घर चार गल्ल्या पलीकडे आहे, मागची खोली उन्हाची आहे, माझ्या भट्टीचा फिल्टर मी दर महिन्याला बदलतो. एवढंच तर होतं.

"चांगलं लोखंड होतं," तो म्हणाला.

स्लावका त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने दानिलोला फोन लावला. फोनमधून पोराचा आवाज खोलीभर आला. "आई, शब्द म्हणजे शब्द! मी रविवारी येतोय. झेनॉनकाका आहेत का तिथे? काका, तुम्ही आज आईला वाचवलंत. तुमचे उपकार कसे फेडू सांगा." झेनॉनने मान हलवली, जशी काही ती फोनमधून दिसणार होती.

खिडकीबाहेर वर्षातला पहिला बर्फ पडायला लागला होता. स्लावकाने तो बघितला आणि डोक्यावरचा रुमाल चाचपला. झेनॉननेही बघितलं.

"पाण्याचे नळ रिकामे करायला हवेत," तो म्हणाला. "घर गार राहणार, तर पाइप फुटतील."

"हो," ती म्हणाली. "तेवढं कर."

रविवारी ती गेली. झेनॉनने तिच्या घराचे सगळे नळ रिकामे केले, मोऱ्यांत न गोठणारं पाणी ओतलं, खिडक्या लावल्या. तळघरात जाऊन त्या पुठ्ठ्यावर एकोणतिसावी ओळ लिहिली, कारण तपासणी तर झाली होती, आणि पुठ्ठा तारेसकट काढून खिशात घातला. निळ्या सपाता मात्र त्याने दाराशी तशाच ठेवल्या. त्या उचलायला त्याचा हात धजेना.

डिसेंबरात परवाना संपला. येवकाने सभागृहात त्याचा सत्कार केला, कोबीच्या पानात भात भरून शंभर गुंडाळ्या केल्या, आणि सगळ्यांच्या पानात वाढून झाल्यावर त्याच्याशेजारी येऊन बसली. "बोलला नाहीस ना?" तिने हळूच विचारलं. या खेपेला ती थट्टा करत नव्हती. झेनॉनने मान खाली घातली. "जन्माचा भोपळा आहेस," येवका म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी दोन गुंडाळ्या टाकल्या.

हिवाळा कडक पडला. गावात कुणाची भट्टी बंद पडली की आता शहरातून गणवेशवाला यायचा. तरी फोन वाजला की झेनॉन खुर्चीतून अर्धा उठायचा. जानेवारी आली तेव्हा तर तो फोनपासून लांब जाईना. त्याला स्लावकाची इतकी आठवण यायची की कॉफी करताना तो दोन कप काढायचा, मग एक परत ठेवायचा. रस्ता झाडायचं निमित्त करून तिच्या घरावरून जायचा. धुराड्यातून वाफ येत नसे, छपरावरचा बर्फ जसाच्या तसा, पायरीवर एकही पाऊल नाही. गार घर लांबूनही ओळखू येतं.

एक फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता तो आपल्या भट्टीचा फिल्टर बदलून वर आला आणि फोन वाजला.

"झेनॉन."

त्याने भिंतीला हात टेकला. "स्लावका? काय झालं? भट्टी बंद पडली?"

"नाही रे. आज एक तारीख ना. दानिलोच्या भट्टीचा फिल्टर बदलला मी, माझ्या हाताने. नळावर पेन्सिलने तारीख पण लिहिली. सून हसली मला."

"छान केलंस. भोंगा आहे ना वर?"

"आहे. रोज बटण दाबून बघते."

"डोकं?"

"नाही दुखत."

"ज्योत निळी?"

"निळी. ताठ. पंखा लागला तरी हलत नाही, मी मांडी घालून बघत बसले होते." ती थांबली. तिचा श्वास त्याला ऐकू आला, दीड दिवसाच्या रस्त्यापलीकडून. "झेनॉन, एक विचारायचं होतं. भट्टी नीट चालत असली, तर माणसाला बोलवायचं कसं?"

 बाहेर त्याची गाडी विजेच्या तारेला जोडून उभी होती. एवढ्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून. झेनॉनने खिडकीतून गाडीकडे बघितलं आणि बोलला.

"ये म्हणायचं. मी अठ्ठेचाळीस वर्षं तेवढ्याचीच वाट बघतोय."

 पलीकडे ती हसली की रडली ते त्याला कळलं नाही.

"मग ये," स्लावका म्हणाली. "आणि येताना माझ्या दाराशी निळ्या सपाता आहेत, त्या घेऊन ये."